इथेनॉल लोडिंग बेवर फ्लेम डिटेक्टर कसे बसवावेत

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे धोरण आल्यापासून बीड, धाराशिव, लातूर, परभणी या पट्ट्यातील अनेक साखर कारखान्यांनी आसवनी उभारली किंवा असलेल्या आसवनीची क्षमता वाढवली. साठवण टाक्या आणि त्यांच्या पलीकडचा टँकर भरण्याचा लोडिंग बे ही त्यातील सर्वांत जोखमीची जागा आहे, कारण तेथे रोज बाहेरची वाहने येतात, नळ्या जोडल्या-सोडल्या जातात आणि थोडेफार सांडणे अटळ असते. निर्जल इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट साधारण १३ अंश सेल्सिअस आहे. म्हणजे मराठवाड्यात थंडीच्या काही पहाटा सोडल्या, तर सांडलेले इथेनॉल वर्षभर पेट घेण्याजोगी वाफ सोडत असते. त्यात त्याची ज्योत फिकट निळी असते आणि तिला धूर जवळजवळ नसतो. एप्रिलच्या दुपारच्या उन्हात काँक्रीटवर पसरलेली ही आग दहा पावलांवर उभ्या असलेल्या माणसालाही प्रथम हवा थरथरल्यासारखी दिसते आणि मग झळ लागते. म्हणून येथे स्मोक डिटेक्टरचा उपयोग नाही, आणि राखणदाराच्या नजरेवरही विसंबता येत नाही; ज्योतीची किरणे टिपणारा फ्लेम डिटेक्टरच लागतो.

मी इन्स्ट्रुमेंट विभागात काम करतो आणि असे डिटेक्टर बसवण्याचे व तपासण्याचे काम बरीच वर्षे करत आलो आहे. या काळात मला एक गोष्ट पक्की कळली आहे: डिटेक्टर बिघडल्यामुळे आग हुकण्याची वेळ क्वचित येते, आग त्याला दिसतच नव्हती, असेच बहुतेक वेळा आढळते. त्यामुळे पुढे जे लिहिले आहे त्यातील मोठा भाग डिटेक्टरला नेमके काय दिसते याविषयीच आहे.

प्रकार निवडताना

अल्ट्राव्हायोलेट डिटेक्टर १८५ ते २६० नॅनोमीटरच्या पट्ट्यात पाहतो. सूर्याची या पट्ट्यातील किरणे ओझोनच्या थरात शोषली जात असल्यामुळे ऊन त्याला फसवत नाही आणि तो क्षणार्धात प्रतिसाद देतो. मात्र वेल्डिंगची ठिणगी आणि वीज हे त्याचे दोन शत्रू आहेत. मृगाच्या आधीच्या वादळात आपल्याकडे विजा किती पडतात हे वेगळे सांगायला नको, आणि गळीत हंगाम संपला की चार-पाच महिने कारखान्यात सगळीकडे वेल्डिंगच चालते. शिवाय काचेवर तेलकट थर बसला किंवा मध्ये दाट धूर वा द्रावकाची वाफ आली, की अल्ट्राव्हायोलेट किरणे तेथेच अडतात.

इन्फ्रारेड डिटेक्टर तप्त कार्बन डायऑक्साइडची ४.३ ते ४.४ मायक्रोमीटरच्या आसपासची किरणे शोधतो आणि ज्योतीची लवलव, म्हणजे सेकंदाला साधारण १ ते २० वेळा होणारी चमकेची वाढघट, ओळखतो. एकाच पट्ट्यात पाहणारा इन्फ्रारेड डिटेक्टर तापलेल्या सायलेन्सरला किंवा पंख्याच्या पात्यांमधून लुकलुकणाऱ्या उष्ण पृष्ठभागाला फसू शकतो. तीन पट्ट्यांची तुलना करणारा, ज्याला आपण आयआर-३ म्हणतो, तो यातून बऱ्याच अंशी सुटतो आणि त्याचा पल्लाही मोठा असतो. उघड्या लोडिंग बेसाठी माझी निवड आयआर-३ हीच असते. जालन्याच्या री-रोलिंग मिलसारख्या ठिकाणीही, जेथे लाल तापलेले बिलेट (पोलादाचे ठोकळे) सतत समोरून जातात, एकपट्टी इन्फ्रारेड घेणे म्हणजे रोजचा खोटा अलार्म ओढवून घेणे होय. लातूरच्या सोयाबीन सॉल्व्हंट प्लँटमध्येही अल्ट्राव्हायोलेटपेक्षा आयआर-३ बरा. जिनिंगमधील कापूस मात्र आतल्या आत धुमसतो आणि ज्योत उशिरा दिसते. तेथे कापूस वाहून नेणाऱ्या डक्टमध्ये स्पार्क डिटेक्टर लागतात आणि फ्लेम डिटेक्टर एकटा पुरत नाही. हायड्रोजनच्या ज्योतीत कार्बन डायऑक्साइड नसल्यामुळे नेहमीच्या आयआर-३ ला ती दिसत नाही, हेही खरेदीच्या वेळी लक्षात ठेवावे.

डिटेक्टर धोक्याच्या क्षेत्रात बसणार असल्यामुळे तो फ्लेमप्रूफ, म्हणजे आतला भडका बाहेरच्या वाफेपर्यंत न पोचू देणाऱ्या आवरणाचा, आणि त्या वायुगटासाठी प्रमाणित हवा. पेटणाऱ्या वायू-वाफांच्या गटांपैकी इथेनॉल आयआयबी गटात येते. नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोची, म्हणजे पेट्रोलियम व स्फोटकांची सुरक्षा पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेची, मान्यता आहे का, हे कागदावर पाहूनच ऑर्डर द्यावी. मान्यता पूर्ण मॉडेल क्रमांकाला असते. 'याच कंपनीचा दुसरा प्रकार मान्य आहे' या बोलण्यावर माल उतरवून घेऊ नये.

पल्ल्याचा हिशेब

माहितीपत्रकावर ठळक छापलेला पल्ला बहुधा एक चौरस फूट, म्हणजे साधारण ०.१ चौरस मीटर, परातीतील हेप्टेन या पेट्रोलसारख्या द्रवाच्या आगीसाठी असतो. इथेनॉलची आग कमी किरणे फेकते. हेप्टेनसाठी ६० मीटरच्या वर पल्ला सांगणाऱ्या चांगल्या डिटेक्टरच्या आतल्या तक्त्यात इथेनॉलसमोर ४० मीटरच्या आसपासचा आकडा दिसतो. तो तक्ता उघडावा आणि आपल्या इंधनाच्या ओळीवर बोट ठेवूनच पुढचा विचार करावा. दुसरी गोष्ट अशी की अंतर दुप्पट झाले की तेवढाच संकेत मिळायला आग चौपट मोठी लागते. तिसरी, दृष्टीचा शंकू साधारण ९० अंशांचा असला तरी त्याच्या कडेला पल्ला मधल्या रेषेच्या जवळपास निम्म्यावर येतो.

एक उदाहरण घेऊ. बे २४ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद आहे, आणि तिरप्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत ६ मीटर उंचीवर एकेक डिटेक्टर आहे. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे अंतर सुमारे २७ मीटर भरते. येथे बहुतेक जण डिटेक्टरचे तोंड बेच्या मध्यबिंदूकडे करतात, कारण ते डोळ्याला बरोबर वाटते. पण मध्यबिंदू लांब बाजूपासून फक्त साडेसव्वीस अंशांवर असतो. तेथून दोन्हीकडे ४५ अंश मोजले तर शंकूची एक कड लांब भिंतीच्याही बाहेर जाते आणि दुसरी ७१ अंशांवर थांबते. परिणामी डिटेक्टरच्या स्वतःच्या आखूड बाजूलगत एक त्रिकोण त्याला दिसतच नाही, आणि तो त्रिकोण पलीकडच्या टोकाला चार मीटर रुंद होतो. समोरचा डिटेक्टर तो भाग पाहतो खरा, पण आग विझवणारा फोम सुटण्यासाठी दोन डिटेक्टरांची सहमती आवश्यक ठेवली असेल, तर त्या त्रिकोणातील आगीवर फोम कधीच सुटणार नाही. तोंड कोपऱ्याच्या दुभाजकावर, म्हणजे ४५ अंशांवर केले की दोन्ही बाजू शंकूत येतात. पण मग लांब बाजूचे टोक कडेवर जाते, जेथे पल्ला निम्मा असतो. या कारणासाठी मी अशा बेला दोनऐवजी चार कोपऱ्यांत चार डिटेक्टर मागतो. खर्चाच्या बैठकीत यावर हमखास वाद होतो, आणि वरील त्रिकोण कागदावर काढून दाखवला की तो बहुधा मिटतो.

खाली झुकवण्याचा कोनही असाच मोजून ठरवावा. सहा मीटर उंचीवरून मध्यबिंदूकडे पाहायला सुमारे २४ अंशांचा कल लागतो, पण तेवढ्याच कलावर शंकूची वरची कड क्षितिजाच्या वर जाते आणि डिटेक्टर शेडच्या बाहेरचा रस्ता, उगवता-मावळता सूर्य आणि शेजारच्या वर्कशॉपमधील वेल्डिंगही पाहू लागतो. ४५ अंश झुकवले तर वरची कड क्षितिजावर येते आणि खांबाच्या पायथ्याशीही दिसू लागते, मात्र दूरचे टोक कडेवर सरकते. बहुतेक जागी ३० ते ४० अंशांच्या दरम्यान तडजोड सापडते. खांबाच्या बुडाशी थोडी जागा आंधळी राहतेच. ती समोरच्या डिटेक्टरच्या ताब्यात द्यावी.

नकाशावर हे सारे जुळले तरी प्रत्यक्ष टँकर उभे असताना चित्र वेगळेच असते. दोन टँकरांमधील बोळात, जेथे वाल्व आणि नळ्या असतात आणि जेथे सांडण्याची शक्यता सर्वाधिक असते, तेथे वरून काहीच दिसत नाही. यासाठी एक साधा उपाय आहे. ठरलेल्या जागी तात्पुरता पाइप उभा करून डिटेक्टरच्या उंचीवर लाल रिबिन बांधावी, बेमध्ये खरोखरच टँकर लावून घ्यावेत आणि मग सांडण्याच्या प्रत्येक संभाव्य जागी उकिडवे बसून वर पाहावे. जेथून रिबिन दिसत नाही तेथील आग डिटेक्टरलाही दिसणार नाही. हे काम अर्ध्या तासाचे आहे, आणि मी ते न करता एकही खांब गाडू देत नाही.

बसवणे आणि वायरिंग

खांब किंवा कॉलम हादरणारा नसावा; बगॅसच्या (उसाच्या चोथ्याच्या) कन्व्हेयरला किंवा पंपाच्या फाउंडेशनला जोडलेला आधार कितीही सोयीचा असला तरी टाळावा. ब्रॅकेट स्टेनलेस स्टीलचे, दोन्ही दिशांना फिरणारे घ्यावे आणि कोन पक्का झाल्यावर बोल्टवर रंगाची रेघ मारून ठेवावी, म्हणजे कोणी धक्का दिला तर ती सरकलेली दिसते. शिडी किंवा परांची लावून माणूस काचेपर्यंत पोचू शकेल अशीच जागा हवी. ज्या डिटेक्टरपर्यंत हात पोचत नाही त्याची काच कोणी पुसत नाही.

केबलचे प्रवेशद्वार खालच्या बाजूला ठेवावे आणि ग्लँडआधी (केबल आवरणात घट्ट धरणाऱ्या जोडाआधी) केबलला खाली झोल द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी ओघळून तेथूनच टपकते. ग्लँड डबल कॉम्प्रेशन फ्लेमप्रूफ असावी, न वापरलेले छिद्र प्रमाणित मेटल प्लगने बंद करावे. कारखान्यात मिळणारी प्लास्टिकची टोपी तेथे चालत नाही. झाकणाचा फ्लेमपाथ, म्हणजे झाकण आणि बॉडी जेथे एकमेकांवर बसतात तो सांधा, स्वच्छ पुसून त्याला उत्पादकाने सांगितलेले ग्रीस लावावे आणि सर्व बोल्ट बसवावेत. एक बोल्ट हरवला म्हणून तीनवर भागवले, तर ते आवरण फ्लेमप्रूफ राहत नाही. वीज चालू असताना झाकण उघडू नये. केबलचे आर्मर (बाहेरचे धातूचे कवच) दोन्ही टोकांना आणि बॉडीचा बाहेरचा अर्थिंग स्टड हिरव्या-पिवळ्या वायरने अर्थ करावा. शील्ड (आतल्या तारांभोवतीचे धातूचे वेष्टन) मात्र पॅनलच्या एकाच टोकाला अर्थ करावी आणि डिटेक्टरकडे तिचे टोक इन्सुलेट करून ठेवावे.

व्होल्टेजची घट न मोजता ओढलेली केबल हा दुसरा नेहमीचा दोष आहे. समजा डिटेक्टर २४ व्होल्ट डीसीवर १५० मिलिअँपिअर घेतो आणि पॅनलपासून ३०० मीटरवर तीन डिटेक्टर एकाच केबलवर आहेत. दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या एका तारेचा रोध किलोमीटरला १२.१ ओहम असतो, जाऊन-येऊन ६०० मीटरचे ७.२६ ओहम होतात आणि ०.४५ अँपिअरला ३.३ व्होल्ट पडतात. आता लोडशेडिंगमध्ये बॅटरी उतरत २१ व्होल्टवर आली आणि मे महिन्याच्या उन्हात ट्रेमधील केबल ६० अंशांवर गेली, तर डिटेक्टरपर्यंत १७ व्होल्टही पोचतात की नाही अशी स्थिती येते, आणि बहुतेक डिटेक्टरांना किमान १८ लागतात. अडीच चौरस मिलिमीटर घेतली की घट दोन व्होल्टवर येते. बॅटरी किमान २४ तास पुरेल अशी ठेवावी. विजांच्या प्रदेशात उघड्यावर धावणाऱ्या या केबलला पॅनलच्या बाजूस सर्ज प्रोटेक्टर लावणे मी आवश्यक मानतो.

सेटिंग

संवेदनशीलतेचे टप्पे बहुधा १५, ३०, ४५, ६० मीटर असे दिलेले असतात, आणि तेही हेप्टेनसाठी. आपल्या २७ मीटरच्या बेला ३० चा टप्पा पुरेल असे वाटते. पण इथेनॉलसाठी तो २० मीटरच्या आसपासच भरतो. ४५ चा टप्पा इथेनॉलसाठी ३० मीटरच्या घरात जातो, आणि चार कोपऱ्यांत चार डिटेक्टर असतील तर मी येथूनच सुरुवात करतो. दोनच डिटेक्टर असतील तर ६० ला पर्याय राहत नाही आणि त्याबरोबर बाहेरच्या उष्ण वस्तू टिपल्या जाण्याची शक्यताही स्वीकारावी लागते.

अलार्मचा विलंब ३ ते ५ सेकंद ठेवावा. खोटे अलार्म येतात म्हणून तो ३० सेकंदांपर्यंत वाढवलेला मी पाहिला आहे. तसे करण्याआधी अलार्म कशामुळे येतो ते शोधावे. बहुतेक वेळा टँकरचा तापलेला सायलेन्सर किंवा कलाचा चुकलेला कोन सापडतो.

४-२० मिलिअँपिअर आउटपुटमध्ये प्रत्येक आकड्याला वेगळा अर्थ असतो: ० म्हणजे वीज वा केबल गेली, २ च्या आसपास म्हणजे काच मळली, ४ म्हणजे सर्व ठीक, २० म्हणजे आग. नेमके आकडे मॉडेलनुसार बदलतात. पीएलसी (यंत्रणा चालवणारा औद्योगिक संगणक) प्रोग्राम करणारा माणूस तापमान किंवा दाबाच्या ट्रान्समीटरची सवय घेऊन येतो आणि ४ च्या खालचे सर्व शून्य धरून स्क्रीनवर हिरवा दिवा दाखवतो. मग मळलेली काच आणि निरोगी डिटेक्टर यांत ऑपरेटरला फरकच दिसत नाही. म्हणून ४ च्या खालच्या दोन्ही अवस्था वेगवेगळ्या फॉल्ट म्हणून लिहून घ्याव्यात आणि पॅनलवर ठरावीक करंट देणारा सोर्स लावून प्रत्यक्ष ०, २, ४ आणि २० देऊन पाहाव्यात. रिले वापरत असाल तर फॉल्ट रिले निरोगी अवस्थेत ओढलेला राहील अशी जोडणी करावी, म्हणजे वीज गेली तरी तो फॉल्टच दाखवेल.

कोणत्या अलार्मवर काय व्हावे, हा निर्णय व्यवस्थापनाबरोबर बसून घ्यावा. माझे मत असे: एका डिटेक्टरने आग सांगितली की भोंगा वाजावा, लोडिंग पंप थांबावा आणि आपत्कालीन वाल्व बंद व्हावा, कारण खोटा असला तरी त्यात दहा मिनिटांपलीकडे काही जात नाही. फोम मात्र दोघांच्या सहमतीवर सुटावा. येथे फोमही अल्कोहोल-रोधकच हवा. साधा फोम इथेनॉलवर पडताच विरघळून बसतो.

तपासणी

चाचणीआधी फोमचा वाल्व हाताने बंद करावा, पंपाचा इंटरलॉक (अलार्मवर पंप थांबवणारी जोडणी) बायपास करावा आणि दोन्ही गोष्टी परमिटवर, म्हणजे कामाच्या परवान्यावर, लिहून दोन सह्या घ्याव्यात. त्यानंतर ज्योतीसारखी किरणे देणाऱ्या उत्पादकाच्या टेस्ट लँपने, त्याने सांगितलेल्या अंतरावरून, प्रत्येक डिटेक्टर वेगवेगळा तपासावा. लँपही धोक्याच्या क्षेत्रासाठी प्रमाणित असावा. पॅनलवर नेमका त्याच क्रमांकाचा डिटेक्टर बोलतो ना हे पाहावे, कारण जंक्शन बॉक्समध्ये दोन जोड्या उलटसुलट होणे सर्रास घडते. बेवर परात पेटवून चाचणी कधीही घेऊ नये.

लँपची चाचणी का टाळू नये, हे मला एका आसवनीने शिकवले. तेथील देखभालीच्या मंडळींनी बगॅसच्या धुळीपासून जपण्यासाठी डिटेक्टरांवर अ‍ॅक्रिलिकच्या पेट्या बसवल्या होत्या. काम देखणे होते: कडा घासून गुळगुळीत केलेल्या, सांध्यांना सिलिकॉन, चार पितळी स्क्रू, आणि पेटी रोज फडक्याने पुसून लखलखीत ठेवलेली. पॅनलवर चारही दिवे हिरवे होते. मी पेटीसमोर लँप धरला. काही झाले नाही. जवळ गेलो, हातभर अंतरावरून धरला. तरी काही झाले नाही. पेटी उतरवून पुन्हा धरला तेव्हा चार सेकंदांत भोंगा वाजला. अ‍ॅक्रिलिक आणि साधी काच डोळ्याला पारदर्शक असतात, पण डिटेक्टर ज्या इन्फ्रारेड पट्ट्यात पाहतो तेथे त्या भिंतीसारख्या असतात, आणि म्हणूनच डिटेक्टरची स्वतःची खिडकी सफायरची असते. डिटेक्टरची अंगभूत चाचणी त्या खिडकीपुरतीच असल्यामुळे तिला बाहेरच्या पेटीचा पत्ताच लागत नाही. ज्या हातांनी ती पेटी इतक्या काळजीने बनवली होती, त्यांना दोष द्यावा असे मला तेव्हाही वाटले नाही. त्यांना कोणी हे सांगितलेच नव्हते.

गळीत हंगामात बगॅसची भुकटी आणि बॉयलरची राख उडत असते, तेव्हा काच महिन्यातून एकदा तरी पुसावी. इतर काळात तीन महिन्यांनी चालते. पुसायला बोअरचे पाणी वापरू नये. आपल्याकडचे पाणी जड आहे आणि वाळल्यावर त्याचा पांढरा क्षार काचेवर राहतो. बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी आणि मऊ सुती कापड घ्यावे. तेलकटपणा असेल तर उत्पादकाने सुचवलेले द्रावणच वापरावे. डिटेक्टरवरच्या हूडच्या (छपराच्या) आत कुंभारीण माशी मातीचे घर करते आणि कोळी जाळे विणतो, म्हणून हूड काढून आत पाहावे.

वर्षातून एकदा पूर्ण चाचणी घ्यावी आणि तिची वेळ दसऱ्याच्या आसपास, बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी ठेवावी. तेव्हा उन्हाळ्यातील रंगकाम आणि वेल्डिंग आटोपलेले असते, नवे पाइप आणि नव्या शिड्या उभ्या राहिलेल्या असतात, आणि गेल्या वर्षी जेथून रिबिन दिसत होती तेथे आता एखादा केबल ट्रे आडवा आलेला असतो. त्यामुळे लँप घेण्याआधी पुन्हा एकदा टँकर लावून खाली उकिडवे बसावे. चाचणी संपल्यावर फोमचा वाल्व उघडला का आणि बायपास काढला का, हे सही करणाऱ्या दोघांनी एकत्र जाऊन, वाल्वच्या चाकाला हात लावून पाहावे, आणि त्यानंतरच परमिट बंद करावे.